दिल्लीला नेलेल्या बारा बाटल्या

माझं आगळ माझ्याआधी दिल्ली बघून आलं, आणि तेही माझ्या धाकट्या जावेच्या पिशवीतून. हे सांगताना अजूनही माझ्या पोटात दुखतं, म्हणून आधीच सांगून मोकळी होते.

मालवणहून आत, खाडीच्या अंगाला आमची वाडी. तिथे आमचा दहा-बारा बायकांचा गट आहे. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरले की आम्ही त्यांच्या सालींची सोलं वाळवतो, सरबत करतो आणि आगळ काढतो. सोलकढीत घालायचा तो लालभडक, खारट, आंबट रस म्हणजे आगळ. ते मी माहेरून, मसुऱ्याहून शिकून आले. मीठ किती घालायचं, बरणी रोज किती वेळा ढवळायची, कपड्यातून गाळताना कुठे थांबायचं, हे सगळं माझ्या हाताला ठाऊक आहे. गटातल्या एकेकीला मी ते शिकवलं. जावेलाही मीच शिकवलं. ती गोरेगावात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा रातांबा चिरायचा की पिळायचा हेही तिला माहीत नव्हतं.

दिल्लीत खाण्यापिण्याच्या वस्तूंचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं. जगभरातून लोक माल घेऊन येतात आणि जगभरातून तो घेणारेही येतात. जिल्ह्याच्या ऑफिसातून निरोप आला की प्रत्येक गटातल्या एका बाईला ते बघायला न्यायचं आहे. आपला स्टॉल नाही, नुसतं फिरायचं, बघायचं, सोबत नमुन्याच्या बाटल्या ठेवायच्या आणि घेणारा कोणी भेटला तर बोलायचं. गटाने जावेला निवडलं. तिला हिंदी फाडफाड येतं आणि इंग्रजी अडखळत का होईना, येतं. त्या बैठकीत माझ्या नावाला एकच हात वर झाला, तो सासूबाईंचा, आणि सासूबाई गटात नव्हत्याच.

ती आठ दिवसांनी परत आली. गळ्यात घालायचं प्रदर्शनाचं कार्ड तिने ओटीवरच्या खुंटीला अडकवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. त्या संध्याकाळी आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, सगळा गट जमला. बाटल्या बारा नेल्या होत्या, किती उरल्या, असं कोणीतरी विचारलं.

"सगळ्यो गेल्यो," ती म्हणाली. "एकय परत हाडूक नाय."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आगळाच्या बारा बाटल्या, आणि टाळ्या हिला. मी चहाच्या निमित्ताने आत गेले आणि उकळत्या चहाकडे बघत उभी राहिले. ऑर्डरचं काय झालं, हे नंतर कोणी विचारलं तेव्हा बघतो म्हणालेत लोक, असं सांगून तिने विषय पुढे ढकलला. टाळ्या एकदा वाजून गेल्यावर पुढचं कोण विचारतंय.

मग आल्या तिच्या टिपा. गटाच्या व्हॉट्सॲपवर तिने अकरा मुद्द्यांची यादी टाकली. प्रदर्शनाला जाताना काय करावं, काय करू नये. नवी चप्पल घालू नये, जुनी, पायाला बसलेली घालावी. पहिल्या हॉलपासून सुरुवात करू नये, सगळे तिथेच गर्दी करतात, सगळ्यात लांबच्या हॉलात आधी जावं आणि फिरत फिरत मागे यावं. दारातल्या नकाशाचा आणि आपण ज्या गेटातून आत आलो त्याच्या नंबराचा फोटो काढून ठेवावा. छापील कागद, पुस्तिका जाताना घेऊ नयेत, परतताना घ्याव्यात. कोणी कार्ड दिलं तर त्याच्या मागे तिथल्या तिथे लिहावं, हा माणूस कोण आणि काय म्हणाला, नाहीतर रात्री सगळी कार्डं सारखीच दिसतात. बाराच्या आत जेवून घ्यावं. पाण्याची बाटली घरून न्यावी. फोन सकाळी पूर्ण भरलेला असावा. बाथरूमला शेवटच्या हॉलात जावं, तिथे रांग नसते. असं बरंच काही.

वाडीत कोणी मुंबईला निघालं तरी ही बया तिच्या टिपा सुरू करायची. आंगणेवाडीच्या जत्रेला जाताना आमच्या सासूबाईंना ती म्हणाली, "आई, गेटाचो फोटो काढा." जन्मभर त्या जत्रेला गेलेल्या माणसाला हे सांगायचं. आणि सासूबाई तिचं ऐकून कौतुकाने मान डोलवायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी ती यादी वाचलेली नाही असंच दाखवत होते. खरं म्हणजे ती मला तोंडपाठ होती.

दोन वर्षांनी पुन्हा निरोप आला. या वेळी गटाने माझं नाव दिलं. सगळ्यांत जास्त आगळ जिच्या हातचं, तिने जावं, असं ठरलं. जाऊच तसं म्हणाली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी त्याचाही राग धरला असता.

निघायच्या दोन दिवस आधी गट खळ्यात बसला होता. जाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाली, "वयनी, बॅग भरताना मी तुझ्या वांगडा बसतंय. दोन गोष्टी सांगूच्यो आसत."

"माका कोणाच्या टिपांची गरज नाय," मी सगळ्यांच्या देखत म्हटलं. "मी बघूक नाय चल्लंय. ऑर्डर घेवनच येतलंय."

काहीतरी तोंडाशी आलं होतं तिच्या. मग "बरा" म्हणाली आणि सोलं उलटायला निघून गेली. बायका माझ्याकडे बघत होत्या. शब्द तोंडातून गेला होता, आणि आता ऑर्डर आणल्याशिवाय त्या खळ्यात परत यायची सोय राहिली नव्हती.

मी ठरवून तिच्या यादीच्या उलट वागले. वेडेपणाच तो. मालवणच्या बाजारातून नव्या सँडल घेतल्या. कुडाळहून गाडी धरली तेव्हा पिशवीत बारा बाटल्या होत्या, प्रत्येक बाटली जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली. आमच्यासोबत ऑफिसातल्या एक मॅडम होत्या. त्यांनी आम्हा बायकांना गेटावर सोडलं, चार वाजता याच गेटावर भेटायचं म्हणून सांगितलं आणि त्या आपल्या कामाला गेल्या. गेटाच्या नंबराचा फोटो मी काढला नाही.

आत शिरले आणि पहिल्या हॉलातच थांबले. तिथे इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही. जो कागद पुढे करेल त्याचा कागद घेत गेले. अकरा वाजेपर्यंत माझी पिशवी पुस्तिकांनी भरून खांद्यावरून उतरायला लागली. सँडलच्या पट्ट्याने टाच सोलली. पाणी संपलं, विकतच्या पाण्याची रांग भिंतीला वळसा घालून गेली होती. दुसऱ्या हॉलात गेले ते चौथ्यातून बाहेर पडले, मधला तिसरा कुठे गेला ते मला आजही सांगता येणार नाही. प्रत्येक फोडागणिक तिची एकेक टीप बरोबर निघत होती, आणि मला फोडांपेक्षा त्याचाच जास्त त्रास होत होता.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या वाडीत एका घरची वाटी दुसऱ्या घरी गेली तर ती रिकामी परत येत नाही. आमच्या कुंपणापलीकडे गटातलीच एक ख्रिस्ती शेजारीण राहते. नाताळात तिच्याकडून नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, आणि गूळ-नारळाचं दोदोल येतं. ते ताट परत जाताना त्यात काहीतरी घालायचंच, काही नसलं तर मूठभर सोलं, तेही नसलं तर चिमूटभर साखर. सासूबाई यात फार कडक. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी एक वाटी धुऊन तशीच परत दिली होती, तर त्यांनी मला अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावलं. "रिकामी वाटी देव नको गो, तेंच्या घरात आमचा तोंड दिसाचा नाय." तेव्हापासून माझ्या हाताला ते वळण लागलं आहे. विचार करावा लागत नाही.

त्या हॉलात पावलोपावली कोणी ना कोणी खायला देत होतं. अरबी वेशातल्या एका माणसाने मला खजूर दिला, इतका मऊ की बी हातात सुटून आली. एका गोऱ्या तरण्या माणसाने चीजचा तुकडा काडीला टोचून दिला. श्रीलंकेच्या स्टॉलवरच्या बाईने कागदी कपात चहा दिला, खुर्ची दिली, माझी टाच बघून कुठूनसं चिकटपट्टीचं पाकीट काढून दिलं. तिला ना माझी भाषा कळत होती ना मला तिची. मी चहा प्याले आणि माझा हात आपोआप पिशवीत गेला. एक बाटली काढून तिच्या पुढे ठेवली. तिने दोन्ही हात जोडले.

अशीच खजूरवाल्याला दिली. चीजवाल्याला दिली. लोणचंवाल्याला, मधवाल्याला, ऑलिव्हवाल्याला. ज्याने तोंडात काही घातलं त्याच्या दारातून मी तशीच कशी उठणार होते? मला वाटत होतं, माझं फार छान चाललं आहे. माणसं हसत होती, बाटली हातात घेऊन बघत होती, एकाने माझ्यासोबत फोटो काढला. दीड वाजता बारावी बाटली गेली. पिशवी हलकी झाली आणि मी मनात म्हटलं, सगळ्या गेल्या. जावेइतक्याच माझ्याही गेल्या.

त्यानंतर दहाएक मिनिटांत तो व्यापारी भेटला. मी भिंतीला टेकून सँडल काढून बसले होते आणि माझ्या शेजारी तो फोनवर बोलत होता. आखातातल्या दुकानांना तो आपल्याकडचा माल पुरवायचा. फोन ठेवल्यावर त्याने माझ्या गळ्यातलं कार्ड वाचलं, सिंधुदुर्ग म्हणजे कोकम का, असं हिंदीत विचारलं. तिकडे आपली माणसं सोलकढीसाठी जीव टाकतात, म्हणाला, पण चांगलं आगळ मिळत नाही. तुमच्याकडे आहे?

आहे, म्हटलं. मीच करते.

"नमुना दाखवा," तो म्हणाला.

मी पिशवीत हात घातला. पुस्तिका, पुस्तिका, कोणीतरी दिलेली चार पेनं आणि बारा फडकी.

चव घेतल्याशिवाय मी बोलणी करत नाही, असं त्याने सरळ सांगितलं. रागाने नाही. अडीचपर्यंत आपण इथेच आहोत, मग विमान आहे, म्हणाला. मी म्हटलं, आत्ता आणते, आणि सँडल हातात घेऊन त्या जाड गालिच्यावरून अनवाणी पळाले.

चीजवाल्याने बाटली उघडली होती. आगळ त्याने सरबत समजून तसंच तोंडाला लावलं असावं, कारण मला बघताच त्याने कसनुसं हसून पोटावर हात फिरवला आणि बाटली टेबलाखाली सरकवली. खजूरवाल्याच्या स्टॉलवर दुसराच माणूस उभा होता, त्याला काही माहीत नव्हतं. मधवाला सापडलाच नाही. शेवटी मी श्रीलंकेच्या चहाच्या स्टॉलवर पोचले. तिथे माझी बाटली होती. टेबलाच्या मधोमध, फुलांच्या शेजारी, जशीच्या तशी, झाकणसुद्धा न काढलेली. त्या बाईने ती लोकांना दिसावी म्हणून तिथे मांडली होती.

नुसतं मागायचं होतं. बोट दाखवलं असतं तरी तिला कळलं असतं. मला ऑर्डर हवी होती, खळ्यात बायकांच्या देखत मी ती आणते म्हटलं होतं, माझ्या हाताच्या आगळाला घेणारा भेटला होता आणि बाटली माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी तिला नुसते हात जोडले. दिलेली वस्तू परत मागायची, हे आमच्यात कोणी केलेलं मी पाहिलेलं नाही. तिला वाटलं मी चहासाठी आले. तिने खुर्ची पुढे केली. मी बसले, दुसरा कप चहा प्याले आणि अडीच वाजून गेल्यावर उठले.

आल्या दिवशी संध्याकाळी खळ्यात सगळ्या जमल्या. पहिला प्रश्न तोच.

"बाटल्यो किती उरल्यो?"

"एकय नाय," मी म्हटलं.

टाळ्या वाजल्या. दोन वर्षं मी ज्या टाळ्यांवर जळत होते त्याच, तितक्याच जोरात. ऑर्डरचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, बघतो म्हणालेत. शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले आणि मी जावेकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती उठून चहाला आत गेली. थोड्या वेळाने मीही गेले.

तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणाकोणाक दिलंस?"

"खजूरवाल्याक. चीजवाल्याक."

"मधवाल्याक?"

"त्याकाय."

तिने साखर घातली, ढवळली. "परत मागूक गेलंस?"

"गेलंय."

"मागलंस?"

"नाय."

"मीय नाय," ती म्हणाली.

मग मला सगळं एकदम दिसलं. नवी चप्पल नको, कारण हिचे पाय सोलले होते. गेटाचा फोटो काढा, कारण ही हरवली होती. बाराच्या आत जेवा, कारण ही उपाशी राहिली होती. ती अकरा कलमी शहाणपणाची यादी म्हणजे हिच्या त्या दिवसाची हकिगत होती, आणि मी दोन वर्षं त्या दिवसाचा हेवा करत होते. पण माझा राग गेला नाही. उलट वाढला.

"तुका म्हायत होता," मी म्हटलं. "अकरा टिपा लिवलंस, बाटल्यांची कित्या लिवलंस नाय?"

तिने गॅस बंद केला. "लिवलंय असतंय तर तू काय म्हटलं असतंस? माझा आगळ फुकट वाटून इली."

मी अगदी तसंच म्हटलं असतं. शब्दही तेच. आणि वाडीभर म्हटलं असतं. त्या दिवशी खळ्यात ती तेच सांगायला आली होती आणि मी चारचौघींत तिचं तोंड बंद केलं, हेही मला तिथेच, त्या गॅसपाशी उभी असताना समजलं. मला तिची माफी मागायला हवी होती. मी कप धुतले.

यंदा तिसऱ्यांदा निरोप आला आणि गटाने कुंपणापलीकडच्या शेजारणीला निवडलं. ती वही-पेन घेऊन आमच्या खळ्यात आली. सासूबाई पाटावर बसून सोलं निवडत होत्या, गटातल्या चारपाच जणी होत्या. जावेने लांबच्या हॉलापासून सुरुवात केली. मी चपलांचं सांगितलं, कार्डाच्या मागे लिहिण्याचं सांगितलं. शेजारीण शहाण्या मुलीसारखी सगळं उतरवून घेत होती. मग तिने पेन थांबवलं.

"तुमच्या दोघींच्यो बाटल्यो सगळ्यो गेल्यो," ती म्हणाली. "माझ्यो नाय गेल्यो तर? माका लाज वाटतली गो."

मी जावेकडे बघितलं. तिने पदर सावरला, घसा साफ केला. ती आता सांगणार, हे मला कळलं. सगळ्यांच्या देखत सांगणार, आणि बायका म्हणणार, केवढं हे मन. आगळाचं श्रेय तिने नेलं, टाळ्या आधी तिने नेल्या, आता खरेपणातही ही माझ्या पुढे जाणार होती.

"मी एकय बाटली विकूक नाय," मी घाईघाईने बोलले. "सगळ्यो वाटून टाकल्यो. ज्यांनी खावक दिला तेंका. आणि घेवचो माणूस इलो तेव्हा माझ्याकडे दाखवूक काय नाय होता."

जाऊ माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्योय तशोच. बारा वाजूच्या आधी संपल्यो."

"माझ्यो दीडपर्यंत पुरल्यो," मी म्हटलं. तेवढं सांगायला हवंच होतं.

कोणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या, शेजारीण सोडून. तिचा चेहरा पडला होता. "पण मगे कोणी खावक दिला तर रिकाम्या हातान कसा उठाचा?" तिने विचारलं. तिला विचारावंच लागणार होतं. तिच्याही घरातून वाटी कधी रिकामी परत आलेली नाही.

उत्तर सासूबाईंनी दिलं, मान वर न करता. "सोलांच्यो बारक्यो पुड्यो बांधून घेवन जा. देवक पुड्यो, दाखवूक बाटल्यो. बाटल्यो दुसऱ्या पिशयेत ठेव, आणि ती पिशी तळाक."

इतकं साधं. दोन सुना दिल्लीपर्यंत जाऊन आल्या आणि हे दोघींना सुचलं नाही. सासूबाई मात्र खळ्याबाहेर न पडता बोलून गेल्या आणि पुढचं सोल उचललं. शेजारणीने ते वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, वही मिटली आणि चेहरा उजळून उठली. कुंपणाकडे चालत गेली ती जुन्या, पायाला बसलेल्या चपला घालून.

आम्ही दोघी पायरीवर बसून तिच्याकडे बघत होतो. तिच्याकडे आमच्या सगळ्या टिपा होत्या, राहिलेली ती एकसुद्धा, शिवाय सासूबाईंच्या पुड्या. आणि पिशवीत जाणार होतं ते माझं आगळ.

जाऊ माझ्याजवळ सरकली. "वयनी," ती हळूच म्हणाली, "हिका ऑर्डर गावतली."

तो आवाज मी चांगला ओळखत होते, दोन वर्षं तो माझ्याच मनात बोलत होता. मी बाजूला सरकून तिला नीट बसायला जागा करून दिली.